वस्तादाच्या हाती माईक द्या

भोरहून वरंध घाटाकडे निघाले की नीरा देवघरच्या पाण्याकाठी हिर्डोशी लागते. हा हिरडस मावळ. इथली यात्रा कुस्त्यांच्या फडाशिवाय पुरी होत नाही आणि फड निवेदकाशिवाय रंगत नाही. जोड लागली की पैलवानाचे नाव, गाव, तालीम, वस्ताद, इनामाचा आकडा, सगळे तोच सांगतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला एकेरी पट निघाला की घिस्सा बसला, हे त्याच्याच तोंडून कळते. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी या कामाला राज्यभर मान मिळवून दिला, आणि तो रास्तच आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फडात माईक एकच असतो आणि तो अपुरा आहे.

सामना ऐकवण्याच्या धंद्यात दोन खुर्च्या असतात. पहिल्या खुर्चीतला माणूस काय घडते आहे ते सांगतो. दुसऱ्या खुर्चीतला ते का घडले ते उलगडतो. अमेरिकेत या दुसऱ्याला ‘कलर कॉमेंटेटर’ म्हणतात, इंग्लंडच्या रेडिओवर ‘समरायझर’, आपल्याकडे ‘तज्ज्ञ’. नाव काहीही द्या, त्याच्या कामाची शिस्त एकच: क्रिकेटमध्ये गोलंदाज धावू लागला की त्याने गप्प बसायचे. त्याची वेळ दोन चेंडूंच्या मधली, दोन षटकांच्या मधली.

ही वाटणी आपल्याकडे सहज रुजलेली नाही. मुंबईचे बॉबी तल्यारखान 1930 च्या दशकापासून अख्खा दिवस एकट्याने रेडिओवर क्रिकेट सांगत. 1948-49 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा रेडिओने तिघांचे पथक नेमायचे ठरवले. तल्यारखानांना माईक वाटून घेणे मंजूर नव्हते, ते बाहेर पडले. आवाज मोठा होता, पण निर्णय रेडिओचाच बरोबर होता. दिवसभर डोळ्यांनी पाहायचे, तोंडाने सांगायचे आणि डोक्याने विश्लेषणही करायचे, हे एका माणसाला झेपत नाही. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित मराठीत क्रिकेट सांगत तेव्हा त्यांच्यात खेळाडू आणि सांगणारा दोघेही नांदत. असा माणूस पिढीत एखादाच निघतो. त्याच्या भरवशावर पद्धत उभी राहत नाही.

आज क्रिकेटमध्ये उलटा तोल गेला आहे. दोन्ही खुर्च्यांवर माजी खेळाडूच. खेळलेला असणे हा दुसऱ्या खुर्चीचा गुण आहे. पहिल्या खुर्चीसाठी आवाज, शब्दसाठा, नजर आणि वर्षानुवर्षांची तयारी लागते. 2023 च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठीतून सामने ऐकायला मिळाले, याचा आनंद मोठा आहे. तिथे तज्ज्ञ म्हणून बसलेला पुण्याचा केदार जाधव मे महिन्यात डेव्हिड विलीच्या जागी बंगळुरूच्या संघात थेट खेळायलाच गेला. मैदानाशी इतके ताजे नाते असलेला माणूस तज्ज्ञ म्हणून हवाच. पण त्याच्या शेजारी, ज्याने आयुष्य सांगण्याच्या कलेला दिले आहे असा माणूसही हवा. माजी खेळाडू स्वस्तात दोन कामे करतो म्हणून सांगणाऱ्याची खुर्ची काढून घेणे हा श्रोत्यावर अन्याय आहे.

कुस्तीत मात्र सांगणारा आहे आणि उलगडणारा नाही. त्याची किंमत जानेवारी 2023 मध्ये पुण्यात दिसली. महाराष्ट्र केसरीच्या कोथरूडच्या मैदानात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत झाली. ‘बाहेरची टांग’ या डावावर महेंद्रला चार गुण दिले गेले आणि वाद पेटला. गावोगावच्या पारांवर, मोबाइलच्या पडद्यांवर तो कित्येक दिवस धुमसत राहिला. गुणांचा नियम असा: उभ्या पैलवानाला थेट पाठ धोक्यात येईल असे टाकले तर चार गुण, नुसते खाली आणून ताबा घेतला तर दोन. पाठ खरोखर धोक्यात आली होती का, एवढाच प्रश्न होता. असा प्रश्न त्याच क्षणी, चित्रफीत पुन्हा दाखवत, जाणत्या वस्तादाने उलगडायचा असतो. निकालावर मतभेद राहिले असते, तरी वाद नियमाला धरून झाला असता. नियम ठाऊक नसला की प्रेक्षक पंचाच्या हेतूवर शंका घेतो, आणि त्यात पैलवानांची वर्षानुवर्षांची मेहनत मातीमोल होते.

भोर आणि वेल्ह्याच्या गावांत आता मातीतल्या कुस्त्यांचेही मोबाइलवरून थेट प्रक्षेपण होते. मुंबईत नोकरीला असलेला मावळा तिथूनच गावची जोड पाहतो. त्याला शेजारी उभे राहून डाव सांगणारा चुलता नाही. त्याच्यासाठी तरी दुसरा माईक हवा.

म्हणून यात्रा कमिट्यांनो, येत्या हंगामात तीन गोष्टी करा. निवेदकाला नारळ-टोपीवर न बोळवता ठरलेले मानधन द्या. जोड लागलेली असताना पाहुण्यांचे सत्कार आणि देणगीदारांच्या याद्या पुकारू नका, त्यासाठी दोन कुस्त्यांमधला वेळ आहे. आणि निवेदकाशेजारी एक खुर्ची मांडून तालमीतल्या जुन्या वस्तादाला बसवा. कुस्ती सुटली की तो तीन वाक्यांत सांगेल: डाव कुठला, तो कसा बसला, तोड काय होती. एवढे बोलून त्याने थांबावे. पुढची जोड निवेदकाची.