तळघरातले दर्यासारंग

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात काही ठरावीक माणसं असतातच. ढोलपथक चालवणारा एक असतो, पंचवीस वर्षं ‘पुढच्या वर्षी कायमचा परत’ म्हणणारा एक असतो, आणि ज्याच्याकडे जेवायला गेलं की आधी तळघरात उतरून टाकी बघावी लागते असाही एक असतो. आमच्या न्यू जर्सीतल्या या तिसऱ्या गृहस्थांना आम्ही दर्यासारंग म्हणतो. मूळचे नारायण पेठेतले. घराण्याचा समुद्राशी संबंध एवढाच, की आजोबा एकदा गणपतीपुळ्याला जाऊन आले होते.

टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. 180 गॅलन, म्हणजे साधारण 680 लिटर खारं पाणी. नुसत्या पाण्याचंच वजन 700 किलोच्या घरात, म्हणून ती तळघरात. दिवाणखान्यात ठेवली असती तर एखाद्या रात्री आपण होऊनच तळघरात आली असती. एका भरणीला 24 किलो खास मीठ लागतं, आणि पाणी लागतं ते नळाचं नाही, आरओतून गाळून वर रेझिनमधून काढलेलं. एक लिटर असं पाणी तयार होताना तीनेक लिटर वाया जातं. लहानपणी नळ टपकत ठेवला म्हणून ज्यांनी आईच्या हातचा मार खाल्ला, तेच हे.

पाहुण्याला बसायला स्टूल मिळतं आणि रीडिंग ऐकावं लागतं. क्षारता 8.5, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1350. हे सगळं तोंडपाठ. स्वतःच्या साखरेचा आकडा विचारला की मात्र, ‘ते हिला विचारा.’ तुम्ही चुकून ‘आमच्याकडे पण गप्पी होते’ म्हणालात तर ते काही बोलत नाहीत, फक्त तुमच्या स्टुलाकडे बघतात. प्रवाळावर आले की अँग्रिया बँक ठरलेली. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या पोटात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं प्रवाळांचं पठार आहे, आणि ते तुम्हाला माहीत नाही याची शरम तुम्हाला वाटेपर्यंत जेवायला वर सोडत नाहीत. पुण्याच्या भाच्यानं एकदा ‘मामा, येताना एक प्रवाळाचा तुकडा आण ना’ म्हटलं, तर त्याला तासभर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं पहिलं परिशिष्ट ऐकावं लागलं. भाच्यानं नंतर मांजर पाळलं.

तर अशा या टाकीत शेवाळ शिरलं. आधी आलं ते ब्रायॉप्सिस. दिसायला फार देखणं, हिरवं, पिसासारखं नाजूक. दर्यासारंगांनी पहिल्या दिवशी त्याचा फोटो ग्रुपवर कौतुकानं टाकला होता. महिन्याभरात खडक दिसेनासे झाले.

मग उपाय सुरू झाले. टर्बो गोगलगायी आणल्या. त्या शेवाळ खायच्या, पण चालताना प्रवाळांचे तुकडे पाडत जायच्या आणि उलट्या पडल्या की कुणीतरी कोपरापर्यंत हात घालून सरळ करेपर्यंत तशाच पडून राहायच्या. सी अर्चिन आणला. त्यानं खडकावरचा चांगला जांभळा थर खरवडून खाल्ला आणि ऐंशी डॉलरचं प्रवाळ टोपीसारखं डोक्यावर घेऊन टाकीभर मिरवला. तीन दिवस अंधार करून पाहिला. त्यासाठी टाकीवर आईच्या हातची गोधडी घातली होती, आणि नवे पाहुणे जिन्यावरूनच हळू आवाजात विचारत होते, आत कोण आजारी आहे?

शेवटी फ्लुकोनाझोल. ब्रायॉप्सिसवर हे बुरशीचं औषध चालतं, हे या छंदातल्या लोकांना ठाऊक आहे, पण मंडळातल्या डॉक्टरांना नव्हतं.

‘कुणाला झालंय?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘खडकाला.’

डॉक्टरांनी चिठ्ठी काही दिली नाही, पण त्या दिवसापासून ते दर्यासारंगांशी जरा जास्तच प्रेमानं बोलू लागले. औषध दुसरीकडून आलं. ब्रायॉप्सिस मेलं, मेलेलं कुजलं, आणि त्या खतावर दुसरं शेवाळ माजलं, लांब केसांचं. आता दर्यासारंगांनी फॉस्फेट शोषणारं लोहाचं भुकटीसारखं औषध फिल्टरमध्ये भरलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. टाकी इतकी निर्मळ झाली, की त्या निर्मळपणातच वाढणारी तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारी डायनोफ्लॅजेलेट आली. तिच्यावर उपाय म्हणून फॉस्फेट वाढवावं लागतं. ज्या फॉस्फेटला घराबाहेर काढायला वर्ष घालवलं, त्याची बाटली विकत आणून थेंब थेंब मोजून पाण्यात घालताना मी या माणसाला पाहिलेलं आहे. तेव्हा विनोद करायची हिंमत झाली नाही.

आणि हे सगळं कशानं? या घरात शेवाळ तीन प्रकारचं आहे. वरच्या टाकीतलं, ते टूथब्रशनं घासून काढायचं. तिच्याखालच्या फिल्टरच्या टाकीत मुद्दाम दिवा लावून वाढवलेलं कीटोमॉर्फा, ते वरच्या शेवाळाचं खाणं पळवतं म्हणून. आणि कोरियन दुकानातून पाकिटानं आणलेली नोरी, म्हणजे तेही शेवाळच, ती पिवळ्या टँग माशाला रोज चिमट्यात लावून द्यायची. हा टँग शेवाळ खातो म्हणून आणला होता. खातोही. पण ताटात नोरी वाढलेली असताना खडकावरचं कोण ओरबाडत बसेल?

कारण खरं म्हणजे साधं होतं. जे खाणं पाण्यात पडतं त्यातलं फॉस्फेट खडकात मुरतं. खडक चुनखडीचे, ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि पुढे महिनोन् महिने थोडं थोडं सोडतात. शेवाळ ते लगेच गट्ट करतं, त्यामुळे टेस्ट शून्य दाखवते आणि मालक खूश राहतो. आमचे दर्यासारंग विजेच्या बाबतीत काटकसरी, बोलण्यात तर फारच काटकसरी (प्रवाळ सोडून), पण माशांना वाढायला उभे राहिले की लग्नाच्या पंगतीतला यजमान. ‘घे रे, एवढंसं तर आहे.’ मासा तोंड फिरवतो, तरी आणखी चिमूट. त्यात दरवर्षी सहा महिने पुण्याहून आई येतात. त्यांचं मत ठाम: ‘मुक्या जीवांना उपाशी ठेवून आपण श्रीखंड खायचं होय रे?’

अखेर टाकी पूर्ण रिकामी करून नव्यानं लावायची ठरली. खडक आधी ब्लीचमध्ये, मग पातळ केलेल्या म्युरिॲटिक ॲसिडमध्ये. वरचा थर फसफसून विरघळतो आणि त्यात मुरलेलं फॉस्फेट बरोबर जातं. गॉगल, लांब हातमोजे, पावसाळी गमबूट अशा वेशात ते ड्राइव्हवेवर उभे असताना समोरच्या गोऱ्या आजींनी पडदा ओढून घेतला. धुतलेले खडक डेकवर वाळत घातले. त्या संध्याकाळी आमचे एक मालवणी मित्र गाडीतून उतरता उतरता म्हणाले, ‘सुकट कोणी आणली गावाहून?’

मासे आणि वाचलेली प्रवाळं पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, मोठ्या नव्या कचऱ्याच्या डब्यांत, हीटर आणि पंप लावून. क्लाउनफिशची जोडीही तिथेच. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात, आणि गटात जो सगळ्यांवर वरचढ ठरतो तो मादी होतो. हे ऐकून आई म्हणाल्या, ‘त्यात काय नवल?’ आणि वहिनींनी पहिल्यांदाच त्या माशांकडे नीट पाहिलं.

मग अमोनियाची वाट पाहणं. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर नुसतं पाणी बघत बसायचं. रोज सकाळी ग्रुपवर आकडा यायचा. ‘अमोनिया 2.’ कुणी अभिनंदन लिहायचं, कुणी फोटो न उघडताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून मोकळं व्हायचं. वहिनींनी घाई केली की मोनॅकोची गोष्ट निघायची. 1984 साली तिथल्या ओशनोग्राफिक म्युझियमच्या खाली, समुद्रात, मत्स्यालयातलं कॉलर्पा शेवाळ दिसलं, चौरस मीटरभर. ते पुढे भूमध्य समुद्रात देशोदेशी पसरलं. तेच 2000 साली कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादच्या खाडीत सापडलं. तिथे पाण्याखाली ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडावा लागला, 70 लाख डॉलरहून जास्त खर्च झाला, आणि संपलं असं जाहीर व्हायला 2006 उजाडलं.

‘सहा वर्षं!’ दर्यासारंग म्हणाले. ‘मी दोन महिने मागतोय.’

‘त्यांची बाथरूम मोकळी होती,’ वहिनी म्हणाल्या.

मध्येच गणपती आले. विसर्जन आम्ही इथे घरीच करतो. आईंनी सुचवलं, एवढी मोठी टाकी नुसत्या पाण्यानं भरून उभी आहे, बादली कशाला? दर्यासारंग दोन मिनिटं गप्प राहिले. देवाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. मग हळूच म्हणाले, ‘शाडूत फॉस्फेट किती असेल गं?’ विसर्जन बादलीतच झालं.

ऑक्टोबरात अमोनिया शून्यावर आला. काचेवर तपकिरी डायटमचा थर चढला, तो नव्या टाकीवर चढतोच, आणि दर्यासारंगांनी तो आम्हाला अभिमानानं दाखवला. क्लाउनफिश आधी सोडले, टँगला आणखी थांबवलं. खाण्याचा डबा कुलपात, चिमूट दिवसातून एकदाच, असा फतवा निघाला आणि जिन्याजवळ चिकटवलाही गेला.

परवा गेलो तेव्हा काचेच्या उजव्या कोपऱ्यात हिरवट झाक दिसली. वर येऊन वहिनींना हळूच विचारलं.

‘दुपारी आई घालतात, रात्री हे घालतात,’ वहिनी म्हणाल्या. ‘दोघंही मला बजावतात, दुसऱ्याला सांगू नकोस.’

‘आणि कुलूप?’

‘किल्ली माझ्याकडे असते. मी सकाळी घालते. एकानं तरी वेळेवर घालायला नको?’