डीजेराव, उद्या भूमितीचा पेपर आहे

प्रिय डीजेराव यांस,


लग्नसराईत मंचर-नारायणगाव पट्ट्यात तुमच्या ट्रकला उसंत नसते, ठाऊक आहे. आज हळदीची सुपारी, उद्या वरातीची. आवाज दिला तर तुम्हाला ऐकू जाणार नाही, म्हणून लिहूनच कळवतो.

२०२६ च्या दहावीचं वेळापत्रक २० फेब्रुवारी ते १८ मार्च. पेपरच्या वेळी केंद्राभोवती जमावबंदी, झेरॉक्सची दुकानं बंद, वर भरारी पथक. उत्तरपत्रिकेची केवढी ही काळजी! ती लिहिणारी पोरगी आदल्या रात्री तुमच्या हवाली असते, एवढीच काय ती गोम.

आहुपे खोऱ्यातल्या पोरी तालुक्याला वसतिगृहात राहून शिकतात. त्यांच्या भिंतीपलीकडे तुमचा बेस सुरू झाला, की फळीवरचा स्टीलचा पेला हळूहळू कडेला सरकायला लागतो. एकीनं कानात कापूस कोंबलेला. स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयाची सिद्धता ती 'म्हणून'पर्यंत आणते आणि तिथंच अडते. पुढं काय 'म्हणून', ते तुमच्या गाण्यात वाहून गेलेलं असतं.

गैरसमज नको, आम्ही गाण्याबजावण्याचे वैरी नव्हे. तमाशातल्या विठाबाईंच्या नारायणगावचा शेजार आहे आम्हाला. पण ढोलकीनं कधी कुणाच्या घराचे पत्रे थरथरले नाहीत.

रात्री दहा ते सकाळी सहा बंद, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हे २००० सालचे नियम तुम्हाला पाठच असणार. त्यात वर्षाला पंधरा दिवस बारापर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांना. सरपंचांच्या भाच्याची हळद त्या यादीत माझ्या तरी नजरेस आली नाही.

तुमच्या ऑपरेटरनं मोठ्या मनानं तोडगा सुचवला: 'अभ्यासच करायचा तर शेतातल्या वस्तीवर पाठवा पोरांना.' वा! वस्तीभोवती ऊस, उसात बिबट्या. अंधार पडला की लेकरांना दाराबाहेर सोडू नका, असं वनखातं सांगून थकलं. म्हणजे शेतात बिबट्या, गावात तुम्ही; आणि पिंजरा लावतात तो फक्त त्याच्यासाठी. निवारा केंद्रही माणिकडोहला आहे, तेही बिबट्यांचंच.

११२ ला फोन करावा, तर हळद भावकीतली. ज्यानं फोन केला त्याचं नाव सकाळपर्यंत पारावर पोचतं, आणि पुढची दहा वर्षं बांधाचं भांडण सुरू. परीक्षेच्या ताणासाठी मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, हे खरं. पण तिथं फोन लावून पोरीनं बोलायचं काय? तिचं तिलाच ऐकू येत नाही.

तेव्हा आवाज कमी करा, अशी मागणी करून तुमच्या धंद्यावर पाय देत नाही. एवढंच करा: पुढच्या सुपारीला यजमानांना सांगून पत्रिकेत वसतिगृहालाही आग्रहाचं निमंत्रण छापून घ्या. पोरी नाहीतरी जाग्याच असतात, निदान जेवतील तरी.

आपला,
वसतिगृहाच्या गल्लीतला एक शेजारी