डॉल्फिनराव, आपली हजेरी लागली नाही

प्रति,
श्री. डॉल्फिन (पाठीवर उंचवटा असलेले),
कर्ली नदीचं मुख, देवबागसमोर,
अरबी समुद्र.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब, सहपरिवार देवबागला आलो असताना आपण पाठीचा चार बोटं तुकडा दाखवलात आणि बुडी मारलीत. खाडीतल्या बेटावरच्या ज्या रिसॉर्टात आम्ही उतरलो होतो, त्यांच्या पॅकेजात न्याहारी, कयाक, बनाना राइड, बंपर राइड, त्सुनामी आयलंड आणि आपण, असा क्रम छापलेला आहे. बाकी सर्वांनी आपापली कामं चोख केली. बनाना बोटीने आम्हाला ठरल्याप्रमाणे पाण्यात पाडलं. बंपरने सासऱ्यांच्या कमरेचा निकाल लावला. जेट स्कीने कानाला दडे बसवले. गैरहजर राहिलात ते फक्त आपण.

आपल्या भेटीसाठी आम्ही कष्ट कमी घेतले असं कुणी म्हणू नये. भोगव्याच्या अंगाला तांडेल नुसतं “थंय बघा, थंय! इलो!” म्हणाला मात्र, आसपासच्या झाडून सगळ्या बोटी त्या दिशेला वळल्या. मुलांनी शिट्ट्या मारल्या, आत्यांनी हात जोडले. आपली आधी चोच दिसली, मग ते कुबड, मग कुबडावरचा छोटा त्रिकोणी पर, आणि मग सपाट पाणी. आम्ही तिथे पोचेस्तोवर आपण किनाऱ्याकडे. किनाऱ्याकडे वळलो तर आपण निवतीच्या बाजूला. जाणकार सांगतात, आपण आवाजावर जगता. टकटक आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे हे ताडायचं. असं असताना इतक्या इंजिनांचा इतका गोंगाट करूनही आम्ही नेमके कुठे आहोत हे आपल्याला कळलं नसेल, हे पटत नाही. मुद्दाम टाळलंत, असाच घरात सूर आहे.

उडीविषयीही बोलणं भाग आहे. रिसॉर्टच्या फलकावर सूर्यास्तासमोर कमान करून झेपावणारा जो डॉल्फिन आहे तो आपल्यातला नव्हे, हे आम्हाला नंतर समजलं. आपल्या जातीला उड्यांची फारशी हौस नाही म्हणे. मग फलक लागला तेव्हाच हरकत घ्यायची होती.

शिवाय राहता कुठे, तर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, पंचविसेक मीटर खोलीच्या आत. म्हणजे जिथे नदी खाद्य आणून ओतते, रापण लागते आणि आता जेट स्की फिरते, तिथेच. पाठीमागे अख्खा अरबी समुद्र मोकळा पडला असताना हा हट्ट कशासाठी? आपण जाळी फाडता, आतली मासळी पळवता, म्हणून कोळी बांधव आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. पण नुसतं तोंड बघायला बोट घेऊन आपल्या मागे कुणी लागलं नव्हतं. त्याला शहरातून माणसं यावी लागली.

कागदोपत्री मात्र आपला थाट मोठा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपण वाघाच्या पंगतीला बसता. जागतिक लाल यादीत आपल्या नावापुढे ‘संकटग्रस्त’ लिहिलेलं आहे. पलीकडे मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याला पोटात घेऊन. आणि आपली मादी एका वेळी एकच पिल्लू देणार, तेही वर्षभर पोटात वाढवून, आणि पुढच्याची दोन-तीन वर्षं वाट बघायला लावणार. एवढ्या उत्पादनावर पर्यटनाचा हंगाम कसा काढायचा, सांगा.

जरा शेजाऱ्यांकडून शिका. किल्ल्याजवळ पाण्यात ब्रेड कुस्करला की पट्टेरी मासे थेट तोंडाशी येतात आणि फोटो निघेपर्यंत थांबतात. (पायाखाली प्रवाळ आहे, असं तिथला मुलगा ओरडून सांगत होता. आम्ही उभे राहून पाहिलं. चांगलं टणक आहे.) वाळूवर कुरव बसले होते. लडाखच्या आणि मध्य आशियातल्या सरोवरांकाठी घरं करून हे पक्षी हिवाळ्यापुरते कोकणात येतात. तपकिरी डोकं तिकडेच ठेवून येतात. इथे डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग असतो. आमचे चिरंजीव रीलसाठी थव्यात धावत गेले, तर सगळे एकदम उडाले, उतरले, पुन्हा उडाले. इतक्या लांबून दमून आलेल्या पाखरांनी किती सहकार्य करावं!

त्सुनामी आयलंडवर तर गुडघाभर पाण्यात उभं राहून वडापाव खाल्ला. २००४च्या त्सुनामीत हा वाळूचा पट्टा वर आला असं गावात सांगतात. खरंखोटं कर्ली नदीलाच ठाऊक. तिथून आमची एक चटणी लागलेली प्लेट ओहोटीबरोबर आपल्या दिशेने निघाली आहे. मिळाल्यावर पोच द्यावी.

वेळासच्या कासवांचा दाखला कृपया देऊ नये. तिथे माणसं सकाळी दोरीमागे उभी राहतात, घरट्यावरची टोपली उचलली जाते, पिल्लं निघाली असली तर ती समुद्राकडे जाताना बघतात आणि नसली तर मुकाट न्याहारीला जातात. पदरचे पैसे खर्चून दोरीमागे उभं राहणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, हे आम्ही ऐकून आहोत. आमच्या पॅकेजात दोरी नव्हती.

आमचा तांडेलही त्याच पंथातला निघाला. “इंजिन बंद करून गप रव्हा, ते आपणच येतले,” म्हणाला. किती वेळ लागेल, विचारलं तर खांदे उडवले. आता सांगा, बाराला बंपर राइड, एकला सुरमईची थाळी, खोली तीनला सोडायची. यात गप राहायला जागा कुठे होती? आम्ही त्याला बोट जोरात घ्यायला सांगितली. तो काही बोलला नाही. बोट जोरात घेतली.

पावसाळ्यात हे सगळे खेळ ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात आणि समुद्र आपल्या एकट्याच्या ताब्यात असतो, याची आम्हाला कल्पना आहे. ती भरपगारी रजा समजावी आणि सप्टेंबरपासून सकाळी साडेनऊला वेळेवर हजर व्हावं. पिल्लू असल्यास सोबत आणावं; लहान मुलांना आवडतं.

कळावे, लोभ असावा,
आपला,
एक पैसे भरलेला पर्यटक

ता. क. — सोबत फोटो जोडला आहे. त्यात उजवीकडे जो काळा ठिपका आहे तो आपण, की शेजारच्या बोटीला बांधलेला टायर, एवढं कळवावं. आत्यांनी तो देवघरात लावला आहे.