वरच्या मजल्यावरील खलबत्ता

सोलापूरकरांस आवाजाचे वावडे आहे, असे विधान या शहराच्या इतिहासाची अल्पशी ओळख असलेला इसमही करणार नाही. कारण 1877 साली ‘जुनी मिल’ सुरू झाल्यापासून कित्येक पिढ्या हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले आणि भोंग्यावरच निजले, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावरही पूर्व भागातील यंत्रमागांनी आपली खटखट अशा निष्ठेने चालू ठेवली की, तेथील मनुष्य मागाच्या आवाजाने नव्हे, तर वीज जाऊन माग थांबले म्हणजे दचकून जागा होतो. अशा नगरीत वरच्या बिऱ्हाडाविरुद्ध तक्रार गुदरण्याची दुर्बुद्धी मला व्हावी, हा सर्वस्वी फ्लॅटचा प्रताप होय.

जुन्या माळवदी घरांत हा तंटा उद्भवतच नसे. लाकडी तुळयांवरील पांढऱ्या मातीच्या जाड थरात जसा वैशाखाचा ताप जिरे, तसाच पायरवही जिरे. शिवाय माळवदावर वस्ती असे ती वाळवणांची, आणि कुरडया काही रात्री-अपरात्री खाटा सरकवीत नाहीत. आता डोक्यावर आला आहे काँक्रीटचा पाच-सहा इंचांचा स्लॅब आणि त्यावर गुळगुळीत फरशी. बोलण्याचा आवाज भिंत थोडाफार अडवते. परंतु फरशीवर बसलेला घाव इमारतीच्या सबंध सांगाड्यात शिरतो व खांबांतून, तुळयांतून थेट खालच्याच्या उशीस येऊन भिडतो. आवाज, सत्तेप्रमाणेच, वरून खाली उतरतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात आणि इमारतीत कसलाही आवाज नाही, असा त्यांचा प्रामाणिक अभिप्राय आहे.

आमच्या वरच्या काकू शेंगाचटणी कुटतात. स्वतःपुरती नव्हे, तर पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवांसाठी आणि, परिमाणावरून अनुमान करावयाचे तर, त्यांच्या अखिल कचेरीसाठी. त्यांचा पहिला घाव सकाळी बरोबर सहाच्या ठोक्याला पडतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांत रात्र दहापासून सहापर्यंत धरलेली असून, निवासी क्षेत्रास रात्री 45 व दिवसा 55 डेसिबलांची मर्यादा घातलेली आहे. तेव्हा काकूंनी कायद्याची राखलेली ही बूज पाहून मी थक्क झालो. त्यातही मर्यादा 10 डेसिबलांनी ओलांडल्यावाचून दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार चालत नाही. म्हणजे 64 डेसिबलांपर्यंत रयतेने कानांस गैरहजर राहण्यास सांगावे, अशी सरकारची तजवीज दिसते. (ज्या घरात पुढे माग आणि मागे पाळणा, ते निवासी की औद्योगिक, हे नियमकर्त्यांनी एकदा सोलापूरच्या अशोक चौकात येऊन ठरवावे.)

तथापि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत, कोणाही सभासदाने इतरांस उपद्रव होईल असे वर्तन करू नये, असे स्पष्ट कलम आहे. त्याचा आधार घेऊन मी अर्ज लिहिला: ‘मजकूर बिऱ्हाडातील कुटण्याचे काम मना करण्यात येऊन सदर चटणी मिक्सरवर करण्याबद्दल ताकीद व्हावी.’ येथवर लेखणी आली आणि थबकली. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ यांस बत्त्याखाली तेल सुटेपर्यंत चेचल्यावाचून शेंगाचटणी सिद्ध होत नाही, आणि मिक्सरवर फिरविलेल्या भुकटीस जो हे नाव देईल त्याचा सोलापुरातील रहिवास रद्द करावा, या मताचा मी स्वतः जुना पुरस्कर्ता. तरीही निद्रेपुढे तत्त्व झुकले. सह्यांसाठी फिरविलेला अर्ज शेजाऱ्यांनी सहानुभूतीने वाचला, सकाळी आपणांसही झोप मिळत नसल्याचे सांगितले, आणि मिक्सरचा उल्लेख येताच चष्मा सापडत नसल्याची सबब पुढे केली. आपण मिक्सरच्या चटणीची मागणी केली होती, असा लेखी पुरावा दप्तरात मागे ठेवून मरण्यास कोणीही राजी नव्हते.

सेक्रेटरींनी अर्ज ठेवून घेतला आणि एवढेच विचारले, “मालक, न कुटता तेल सुटतं का?”

यथावकाश समितीची सभा भरली आणि ठरावाची नक्कल माझ्या दारी आली. तीत नमूद होते की, अर्जदाराची तक्रार निकाली काढण्यात येत असून, चौकशीअंती दुसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात चटणी मिक्सरवर होत असल्याचे उघडकीस आले आहे. सबब त्या यंत्राचा आवाज उपद्रवकारक मानून संबंधितांस नोटीस काढावी. दुसऱ्या मजल्यावरील ते बिऱ्हाड आमचेच आहे.