पंप गेल्यावर काय करावे : नवशिक्या ट्रकमालकांसाठी

अमेरिकेत डिझेलचा पिकअप ट्रक घेतला की नवख्या माणसाला शिकवायला सगळे पुढे येतात. ट्रेलर कसा जोडायचा, तो मागे घेताना स्टिअरिंग कुठे वळवायचं, मॉलच्या पार्किंगमध्ये दोन जागा अडवून उतरताना चेहरा कसा ठेवायचा. हाय-प्रेशर पंप गेल्यावर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते ज्याचं त्याने दहा हजार डॉलरच्या आसपास फी भरून शिकायचं, अशी तिकडची रीत आहे. ह्यूस्टन-डॅलसकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणी शेजाऱ्याचं बघून ट्रक घेतलाच असेल, तर त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. अनुभवी मालकांनी वाचू नये. त्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला असतो.

ट्रक निवडणे

पंप जाण्याचं भाग्य प्रत्येकाला लाभत नाही. कित्येक ट्रक दोन-दोन लाख मैल कुरकुर न करता धावतात आणि त्यांचे मालक बाकीच्यांना ‘तुम्ही डिझेल बघून भरत नसाल’ असं सुनावत फिरतात. पण संधी वाढवायची असेल, तर मॉडेलचं साल बघून घ्यावं. जनरल मोटर्सचं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स हवं असेल तर २०११ ते २०१६. फोर्डचं ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक हवं असेल तर २०११ पासून पुढे. रॅमचं कमिन्स इंजिन आवडत असेल तर २०१९ किंवा २०२०. कंपन्या तीन, इंजिनं तीन, तिन्हींचे चाहते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण बॉनेटखाली पंप एकच, बॉशचा सीपी४. नाशिककरांना बॉश हे नाव मायकोच्या काळापासून घरचं. मायको सर्कलला वळसा घालून रोज कामाला जाणाऱ्यांना या पंपाबद्दल विचारू नये, सातपूरला नोझल आणि इंजेक्टर बनतात, त्यांचा यात काही दोष नाही.

सीपी४च्या आधी सीपी३ होता. तीन पिस्टनचा, वजनदार, देखणेपणा शून्य, आणि मरायचं नाव न घेणारा. मग प्रदूषणाचे नियम कडक झाले, जास्त दाब हवा झाला, वजन आणि खर्च कमी हवा झाला, आणि दोन पिस्टनचा सीपी४ आला. दाब दोन हजार बारच्या घरात. रॅमने २०१९ मध्ये सीपी३ सोडून सीपी४ घेतला, २०२१ च्या मॉडेलला परत सीपी३ वर आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मधल्या दोन वर्षांचे सुमारे २ लाख २२ हजार ट्रक माघारी बोलावून त्यांत सीपी३ बसवायचं ठरवलं. रॅमवाल्यांचं नशीब म्हणायचं. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

पंपाची ओळख

हा भाग नीट समजून घ्या, कारण काउंटरवर तुम्हाला तो समजत नाही असं गृहीत धरूनच बोललं जातं.

व्ही-आठ इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीत हा पंप बसतो. आत एक कॅम फिरतो. कॅमवर रोलर, रोलरला धरणारा टॅपेट, टॅपेटच्या डोक्यावर पिस्टन. कॅम फिरला की रोलर त्यावरून गडगडत जातो आणि पिस्टन वर-खाली होतो. सगळी मदार रोलरने सरळ राहण्यावर. टॅपेट आपल्या जागी गोल फिरू नये म्हणून त्याला अडवणारं काही या रचनेत नाही, आणि एखाद्या दिवशी तो काटकोनात वळतो. लाटणं पोळीवर फिरवतात तसं न फिरवता टोकाकडून उभं ढकललं तर पोळीचं जे होईल, ते इथे कॅमचं होतं. फरक इतकाच, की इथे पोळी आणि लाटणं दोन्ही पोलादाची असतात आणि मिनिटाला हजारभर तरी फेरे होत असतात.

त्यातून निघतो तो पोलादाचा बारीक कीस. हातात घेतला तर चंदेरी, गणपतीच्या मखराला लावायच्या चमकीसारखाच दिसतो. तिकडचे मेकॅनिकही त्याला ‘ग्लिटर’च म्हणतात. आता पंपाच्या रचनेतली खरी गंमत. डिझेल आधी कॅमच्या पेटीतून जातं, तिला वंगण पुरवतं, आणि मग तेच डिझेल दाबाखाली रेलमध्ये, रेलमधून आठ इंजेक्टरांत, आणि उरलेलं परत टाकीत. म्हणजे पंप एकटा जात नाही. दोन्ही रेल, आठही इंजेक्टर, पाइप, टाकी, सगळ्यांना बरोबर घेऊन जातो. बिल दहा हजारांवर का जातं, ते यावरून लक्षात यावं.

आणि या पंपाला स्वतःचं ऑइल नाही. वंगण म्हणून जे काही आहे ते डिझेलच. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. वॉरंटीचं पुढचं सगळं प्रकरण याच एका वाक्यावर उभं आहे.

डिझेल भरणे

२००६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १५ भागांवर आणलं गेलं. हवेसाठी चांगलंच झालं. पण गंधक काढायला रिफायनरीत जी हायड्रोजनची प्रक्रिया करतात, तिच्यात डिझेलमधली वंगण करणारी द्रव्यंही निघून जातात. म्हणून नंतर वेगळं अॅडिटिव्ह घालावं लागतं. किती घालायचं, ते ठरवायला एक परीक्षा आहे: साठ अंश तापमानाच्या डिझेलमध्ये बुडवलेल्या पत्र्यावर पोलादाची छोटी गोळी सव्वा तास, म्हणजे ७५ मिनिटं, घासत ठेवायची आणि गोळीवर पडलेला चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. चट्टा जितका मोठा तितकं डिझेल कोरडं. युरोपात ४६० मायक्रॉनच्या वर चट्टा चालत नाही. अमेरिकेत ५२० पर्यंत चालतो. आणि पंप जर्मन कंपनीचा. फरक मायक्रॉनचा आहे, त्यावरची भांडणं मात्र कोटी डॉलरची झाली आहेत.

अमेरिकेतलं सगळंच डिझेल ५२० च्या काठावरचं असतं असं नव्हे. पण तुमच्या टाकीत आज कुठलं पडलं, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. नोझलवर तो आकडा लिहिलेला नसतो.

नोझलचा रंगही बघून घ्यावा. बहुतेक ठिकाणी डिझेलची मूठ हिरवी. पण बीपीच्या गॅस स्टेशनवर पेट्रोलची मूठही हिरवी असते. रात्री अकरा वाजता, मागे ट्रेलर, गाडीत रडणारं पोर, अशा वेळी हे ध्यानात ठेवणं नवशिक्याकडून अपेक्षित आहे. शिवाय डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असतं, ते डीईएफचं, म्हणजे युरियाच्या पाण्याचं. निळ्यात डिझेल किंवा डिझेलच्या तोंडात युरिया, काहीही झालं तरी ते तुमच्या खात्यात.

पावत्या ठेवा. प्रत्येक पावती. ती कागदी पावती काही महिन्यांत उन्हाने पांढरी होते, म्हणून फोटोही ठेवा. याचा काय उपयोग, ते लवकरच कळेल. फार होत नाही.

पंप जाणे

याला वेगळी तयारी लागत नाही. हायवेवर लोड ओढताना गाडी अचानक पिकअप सोडते, डॅशबोर्डवर दिवे लागतात, आणि इंजिन बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दाबायला जोर लागतो, मागे घोड्यांचा ट्रेलर असेल तर घोडेही काही मदत करत नाहीत. गाडी कडेला घ्या. टोचन लावून डीलरकडे न्या. स्कॅनरवर पी००८७ असा कोड येईल, म्हणजे रेलमधला दाब पडला. मेकॅनिक पंपावरचा एक व्हॉल्व्ह उघडतो, त्याच्या जाळीवर बोट फिरवतो आणि बोट तुम्हाला दाखवतो. बोटाला चमकी.

इथपर्यंत कोणाचा वाद नसतो.

काउंटरवर

वॉरंटी पाच वर्षं किंवा एक लाख मैल. तुमचा ट्रक तीन वर्षांचा, साठ हजार मैलांचा. म्हणून तुम्ही निर्धास्त बसता, मशीनची कॉफी पिता. मग सर्व्हिस अॅडव्हायजर एक काचेची बरणी घेऊन येतो. बरणीत तुमच्या टाकीतलं डिझेल. तळाला थोडा गढूळपणा असेल तर तो बरणी खिडकीच्या उजेडात धरतो. गढूळपणा नसला तरी धरतो.

“सर, डिझेल नेहमी कुठे भरता?”

“हायवेला. जिथे मिळेल तिथे.”

“अच्छा.” तो लिहून घेतो.

हे उत्तर चुकीचं. ‘एकाच ठिकाणी भरतो’ हेही चुकीचं, कारण मग तो म्हणेल, “मग त्या गॅस स्टेशनशी बोलून घ्या.” बरोबर उत्तर अजून कोणाला सापडलेलं नाही.

“पंपात आम्हाला गंज दिसला. म्हणजे पाणी गेलंय.”

“पाणी गेलं असतं तर डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असता ना? एकदाही लागला नाही.”

“दिवा लागला नाही म्हणजे पाणी नव्हतं असं नाही, सर.”

“आणि लागला असता तर?”

“तर मग पाणी होतं.”

इथे आवाज चढवायचा नाही. अॅडव्हायजर पगारी माणूस आहे. ठरवणारे वर बसतात आणि ते कधी काउंटरवर येत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ असतं: वॉरंटी माल आणि कारागिरीतल्या दोषाची आहे. पंप आमचा, डिझेल तुमचं. पंप वंगण कमी पडल्याने गेला, आणि वंगण डिझेलचं. म्हणून दोष तुमच्या डिझेलचा. वहीत लिहून ठेवलेलं वाक्य आता वाचा. स्वतःचं ऑइल नसलेला पंप बनवला की त्याच्या प्रत्येक मरणाला बाहेरचाच कोणी जबाबदार ठरतो, आणि हायवेवर बाहेरचे तुम्ही एकटेच असता. इतकी सोयीची रचना शोधून सापडायची नाही. कधीकधी डिझेलात खरोखर पाणी असतं, कोणीतरी खरोखर युरिया ओतलेला असतो, तेही होतं. पण ज्याने यातलं काहीच केलं नाही, त्यालाही तेच उत्तर मिळतं, आणि कोण कुठल्या गटातला ते बरणीकडे बघून कळत नाही.

अशा वेळी तीन गोष्टी मागाव्यात. डिझेलचा नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवा म्हणावं आणि अर्धी बरणी आपल्याकडे ठेवावी. काढलेला पंप फेकू देऊ नये. तो तुमच्या गाडीचा, गाडी तुमची. नकार तोंडी नको, कागदावर हवा. तिन्ही गोष्टींना ‘बघतो’ असं उत्तर येईल. पुन्हा मागाव्यात.

विम्याकडे जाणे

अॅडव्हायजर स्वतःच सुचवेल: खराब डिझेल म्हणजे बाहेरून झालेलं नुकसान, कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसेल. विमावाला फोटो बघून म्हणेल, हे यंत्राचं आतलं बिघडणं, झीज. पॉलिसीत बसत नाही, वॉरंटीत बघा. दोघांची पत्रं एकमेकांना पाठवून द्यावीत. काही विमा कंपन्या पैसे देतात, नाही असं नाही. मग पुढच्या वर्षीचा हप्ता बघावा.

आधीच काळजी घेणारे

या वर्गात एक हुशार विद्यार्थी असतोच. त्याने पंप जायच्या आधीच तयारी केलेली असते. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये टाकीपासून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंपच कंपनीने दिलेला नाही, सीपी४ ला स्वतःच ओढून घ्यावं लागतं. म्हणून हा बाजारातून लिफ्ट पंप आणून बसवतो. कॅमच्या पेटीतलं डिझेल रेलकडे न जाता टाकीकडे परत वळावं, म्हणजे पंप गेला तरी इंजेक्टर वाचतील, असं एक किट मिळतं, तेही बसवतो. प्रत्येक टाकीमागे अॅडिटिव्हची बाटली ओततो. आणि मग काउंटरवर ऐकतो, “सर, हे कंपनीचे पार्ट नाहीत.”

१९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे नुसता बाहेरचा पार्ट बसवला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही; त्या पार्टमुळेच बिघाड झाला, हे कंपनीने दाखवायला हवं. हा कायदा तोंडपाठ असावा. अॅडव्हायजरला तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक असला तरी त्याच्या स्क्रीनवर तसा पर्याय नसतो.

कोर्ट

घाई नसलेल्यांसाठी हा मार्ग उत्तम. २०१८ च्या सुमारास अमेरिकन मालकांनी या पंपावरून मोठ्या कंपन्यांवर सामूहिक दावे लावले. जनरल मोटर्सने २०२४ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, आपली चूक न मानता. ती ठरावीक राज्यांत घेतलेल्या २०११ ते २०१६ च्या ट्रकांपुरती. म्हणजे ज्याने २०११ चा ट्रक नवा घेतला, त्याचं पोर शाळेतून कॉलेजात गेलं तेव्हा फॉर्म आला. फॉर्मला दुरुस्तीची पावती जोडायची. उन्हाने पांढरी झालेली चालत नाही.

ज्यांना इतकं थांबायचं नाही, त्यांनी पैसे भरून ट्रक सोडवावा. बिल हातात घेण्याआधी काउंटरवर एक प्रश्न विचारायला विसरू नये: नवा बसवलेला पंप कोणता? अॅडव्हायजर स्क्रीनकडे बघून पार्ट नंबर वाचून दाखवेल. काढलेल्या जुन्या पंपावरचा नंबर शेजारी धरून एकेक आकडा ताडून बघावा. जुळला तर सही करून चावी घ्यावी, आणि घरी जाताना डिझेल भरून पावती मागावी.