टेपभाऊ

नागपुरातल्या प्रत्येक ले-आऊटात एक टेपभाऊ असतोच. शेजारी नवा सोफा उतरला, की टेम्पोवाल्याच्या आधी हा दारात हजर. पट्ट्याला पाच मीटरची टेप अडकवलेली, कानावर पेन्सिल. "दार तीस इंच, सोफा बत्तीस. आत कसा घालून राहिले भाऊ?" त्याचं म्हणणं दर वेळी खरं निघतं, आणि म्हणूनच तो कोणाला फारसा आवडत नाही.

आमच्या नंदनवनातले टेपभाऊ ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले. नोकरी सुटली, एस्टिमेट सुटलं नाही. खात्यातल्या मेजरमेंट बुकासारखी एक लांबोडकी वही घरी असते. गॅस सिलिंडर कोणत्या तारखेला लागला, इथपासून जावयाची गाडी गल्लीत वळायला किती जागा खाते, इथपर्यंत सगळं तिच्यात चढतं.

नातवानं एका दुकानात कासवाचं पिल्लू पाहिलं. हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा, रुपयाच्या नाण्याहून जरासं मोठं. "आबाजी, घेऊ ना!" दुसऱ्या आजोबांनी पाकीट काढलं असतं. यांनी टेप काढली.

"आधी जागा, मग कासव."

त्या संध्याकाळी आधी दुकानदाराची हजेरी झाली. "हे मोठं झालं की केवढं होते?" "एवढंच राहते काका, काचेच्या भांड्यात." टेपभाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला. हा रेड इअर्ड स्लायडर, मूळचा अमेरिकेचा, मादी वाढली की फूटभर होते आणि वीस-तीस वर्षं सहज जगते, ही माहिती ते घरूनच घेऊन गेले होते. लोकांना उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारणं हा या जातीचा आवडता छंद.

मग वही उघडली. पाठीच्या दर इंचाला साधारण अडतीस लिटर पाणी धरायचं, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा. बारा इंचाला साडेचारशे लिटर. "म्हणजे गच्चीवरची सिंटेक्स दिवाणखान्यात!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. टेपभाऊंना ते विनोद म्हणून ऐकूच आलं नाही. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबानं टाकलेला, आणि चार बाय दोनची टाकी भरली की भार तिपटीवर जातो. दिवाणखाना रद्द. बाल्कनी रद्द. जिन्याखाली ऊन नाही, आणि काचेतून येणारं ऊन कासवाच्या कामाचं नाही. पाठ धड वाढायची तर उघडं ऊन अंगावर पडायला हवं. गच्चीवर ऊन भरपूर, पण ते नागपूरचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की तिथे कासव ऊन खाणार नाही, ऊनच कासवाला खाईल.

राहिलं मागचं अंगण. घर बांधताना नियमाप्रमाणे मोकळं सोडलेलं मार्जिन. ते मोजायला टेपभाऊ टेप घेऊन मागे गेले आणि भिंतीला थडकले. त्या मार्जिनमध्ये त्यांनी स्वतःच स्वयंपाकघर वाढवलं होतं. हे माप मात्र वहीत चढलं नाही.

पाण्यातलं जमत नाही तर जमिनीवरचं पाहू, म्हणून दुसरं प्रकरण उघडलं. गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "काका, स्टार कासव आणून देतो. पाठीवर चांदण्या असतात. लक्ष्मी येते म्हणे." टेपभाऊंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून सुरुवात केली. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून, स्टार कासव पहिल्या अनुसूचीत. घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं आत, वर किमान पंचवीस हजार दंड. "लक्ष्मी येईन का जाईन, तूच सांग बाप्पा." पोरगा त्यानंतर त्या गल्लीतून गाडी काढत नाही.

परदेशातलं आफ्रिकन सुलकाटाही तपासून झालं. ते चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि उन्हापासून वाचायला लांबच लांब बीळ खणतं. "फाउंडेशनखाली बोगदा काढून राहिलं तर?" त्यात परदेशी प्राण्यांसाठी 2024 चे नोंदणीचे नियम, परिवेश पोर्टलवर अर्ज. अर्ज म्हटल्यावर टेपभाऊ क्षणभर मोहात पडले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग वारसाचा कॉलम आला. टेपभाऊ सदुसष्ट वर्षांचे, कासव धरा तीस वर्षांचं. मुलगा पुण्यात, भाड्याचा फ्लॅट. लेकीकडे कुत्रा. नातू तेव्हा कुठे असेल कोण जाणे. रकाना रिकामा राहिला, म्हणून एस्टिमेट नामंजूर. यात दोन उन्हाळे गेले, आणि नातू कासवावरून क्रिकेटवर गेला. टेपभाऊ तृप्त होते. काही लोकांना वस्तू हवी असते, काहींना निवड. दुसऱ्या जातीचा खर्च कमी, कौतुकही कमी.

आणि मग होळीच्या आसपास समोरच्या बिऱ्हाडाची हैदराबादला बदली झाली. ती बाई बादली घेऊनच दारात आली. आत ताटलीएवढं कासव, डोळ्यामागे लाल पट्टा. पोरांनी हौसेनं घेतलं, वाढलं, नकोसं झालं. "काका, तुमचा एवढा अभ्यास आहे! नाहीतर सक्करदरा तलावात सोडून देऊ म्हणते."

"तलावात?" टेपभाऊंचा आवाज चढला. "हे बाहेरचं जनावर हो बाई! तिथल्या देशी कासवांचं खाणं, ऊन खायची जागा, सगळं बळकावून बसते. सोडायचं नाही!"

सोडायचं नाही, म्हणजे ठेवायचं. बाईनं बादली खाली ठेवली आणि "बरं झालं बाई" म्हणत ती गेलीसुद्धा.

काकूंनी आवाज न करता डेझर्ट कूलरची टाकी अंगणाच्या उरल्यासुरल्या पट्टीत ओढली. टेपभाऊंनी आत बोट फिरवलं. "डांबर मारलेलं आहे याला. आणि पाणी किती, साठ लिटर? पाहिजे पावणेतीनशेच्या वर!" मग काकूंनी पापडाचं मोठं घमेलं काढलं, मग जुना पाळणा, मग शेवटी नातवाचा प्लास्टिकचा टब. त्यात मधोमध पालथी वीट ठेवली. कासव त्या विटेवर चढलं, चारही पाय ताणले आणि मान वर काढून टेपभाऊंकडे बघत बसलं. त्यांनी पट्ट्याची टेप काढली आणि पाठीवर धरली. सव्वासात इंच.

"काय झालं?" मी कुंपणावरून विचारलं.

"काय होणार भाऊ," टेपभाऊ वहीची पानं उलटत म्हणाले, "एस्टिमेट नामंजूर, टेंडर नाही, वर्क ऑर्डर नाही, आन काम सुरू होऊन राहिलं."