कड्याखालची सफाई : स्वयंसेवकांसाठी सूचना

तैलबैल्याच्या जुळ्या भिंती असोत, खंडाळ्याची नागफणी असो की जीवधनशेजारची वानरलिंगी. सह्याद्रीचा हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एवढं सोसून उभ्या राहिलेल्या दगडाचं आपल्या एका रविवारावाचून अडलंय, हे आधी मनाशी पक्कं करावं. त्याशिवाय श्रमदानाला जोर येत नाही.

१. तयारी : सर्वप्रथम टी-शर्ट छापावेत. ते एकेका प्लास्टिकच्या पिशवीत येतात, त्यामुळे मोहिमेचा पहिला कचरा घरबसल्या मिळतो. ग्रुपवर हातमोजे, विळे, पोती अशी यादी टाकावी. यादीखाली चाळीस अंगठे येतील. पोती चार येतील.

२. चढण : मळलेली वाट वळणं घेत जाते, म्हणून शॉर्टकटने चढावं. पावसाळ्यात पाणीही तिथूनच उतरतं, सोबत मुरूम नेतं आणि वाटेची घळ करतं. ही घळ बुजवायलाच आपण आलो आहोत, तेव्हा तिची जवळून पाहणी झालेली बरी.

३. वाटेची दुरुस्ती : वाटेला आडवी, जरा तिरकी दगडांची ओळ बसवावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता कडेने उताराला लागतं. दगडाचा मोठा भाग जमिनीत गेला पाहिजे. वर उभं राहावं; डुलला तर उपटून पुन्हा बसवावा. या कामात अर्धा दिवस जातो आणि फोटोत काहीच दिसत नाही. म्हणून ते गटातल्या सगळ्यात अबोल माणसाकडे सोपवावं. शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकाव्यात. पाटी लावू नये. लोक ती वाचतात, टेकून दम खातात आणि शॉर्टकटनेच जातात.

४. कातळ : चॉकचे पांढरे डाग मऊ ब्रशने घासावेत. तारेच्या ब्रशने चॉकबरोबर दगडही निघतो. बोल्टला अडकून राहिलेल्या जुन्या स्लिंग उन्हाने विटतात आणि कमकुवत होतात, त्या कापाव्यात. त्याआधी आपण त्यांच्यावरच लटकलेलो नाही ना, एवढं पाहावं. मग “ही घाण कोणी सोडली?” असं मोठ्याने विचारावं. जो एकदम बुटाची नाडी बांधू लागेल, त्याच्या हाती पोतं द्यावं.

५. विल्हेवाट : “इथंच पेटवून टाकू” असं सुचवणारा हमखास ज्येष्ठ असतो. त्याला कड्याला लटकलेली काळी पोळी दाखवावीत. धुराने आग्यामोहोळ उठलं की खालचा माणूस निदान पळू तरी शकतो. दोरावरच्याला तीही सोय नाही. वाळल्या गवताची आठवण करून द्यायची वेळ सहसा येत नाही.

६. समारोप : पायथ्याच्या गावात मामांच्या अंगणात पोती रचावीत, फोटो काढावा आणि पिठलं-भाकरीवर ताव मारावा. निघताना मामा विचारतील, “ब्येस काम केलं पोरांनो. पर आता ह्ये कुठं टाकू?” गावात घंटागाडी येत नाही. गोठ्यामागे नजर टाकावी. गेल्या वर्षीची पोती तिथंच आहेत आणि त्यातलं एक शेळीने फोडलंय.

अशा वेळी मुकाट्याने जुनी-नवी सगळी पोती गाडीत घालावीत. डिकीत दोर असतील, तर पोती मांडीवर घ्यावीत. रात्री सोसायटीच्या फाटकावर वॉचमन अडवेल, “एवढा कचरा कुठून आणला, साहेब?” त्याला उत्तर देऊ नये. वळून टी-शर्टची पाठ दाखवावी.